मधल्या फळीतला माणूस

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमच्या गॅलरीत बरी जागा धरायची असेल, तर दुपारचा पहिला सामना संपायच्या आत पोचावं लागतं. चारच्या सामन्याला पाटाकडील आणि दिलबहार या तालमींचे संघ समोरासमोर असतील तर त्याच्याही आधी. तापलेल्या पायऱ्यांवर वर्तमानपत्राचा कागद अंथरायचा, शेंगदाण्याची पुडी मांडीवर उघडायची आणि शेजारी बसलेला अनोळखी माणूस कुठल्या पेठेचा आहे याचा अंदाज घेत गप्पा सुरू करायच्या. पहिल्या दहा मिनिटांत अंदाज घ्यायची गरजच उरत नाही. त्याच्या घशातून निघणारा आवाजच त्याची तालीम सांगतो.

मागच्या हंगामात असाच बसलो होतो. सगळी गॅलरी एका विंगरच्या मागं लागली होती. पोरगं चपळ होतं, बॉल पायाला चिकटवून दोघा-दोघांना काढत होतं, आणि प्रत्येक वेळी हलगी कडाडत होती. ‘लई भारी रं भावा!’ मी मात्र सहा नंबरच्या जर्सीतल्या एका बारक्या पोराकडं बघत बसलो. बॉल त्याच्यापासून तीस-चाळीस फुटांवर असतानाच तो एकदा डाव्या खांद्यावरून मागं बघायचा, एकदा उजव्या. बॉल आला की अंग आधीच अर्धं वळलेलं असायचं, त्यामुळं एका टचमध्ये तो पुढं निघून जायचा. डावा बॅक हल्ल्याला पुढं गेला की हा न सांगता त्याची जागा धरायचा. दोनदा त्यानं समोरच्याचा प्रतिहल्ला तिथंच अडवला आणि बॉल साध्या, जवळच्या पासनं विंगरला दिला. टाळ्या विंगरला पडल्या. सत्तराव्या मिनिटाला त्याला बाहेर काढलं तेव्हा गॅलरीत कुणाचं लक्षही नव्हतं. मोजे खाली ओढत, मान खाली घालून तो बाकावर जाऊन बसला.

आपल्या गावाचं फुटबॉलवर प्रेम किती, हे मी नव्यानं सांगायला नको. पण त्या दिवशी घरी येताना डोक्यात एक ग्रीक माणूस घोळत होता. जगातल्या मोठ्या फुटबॉलचा मधल्या फळीतला एक खराखुरा माणूस आपल्या अगदी जवळ, पुण्यात, येऊन खेळून गेला आणि आपण त्याच्याकडं पाहिजे तसं पाहिलंच नाही.

त्याचं नाव कोस्तास कात्सुरानिस. 21 जून 1979 ला ग्रीसमधल्या पात्रा या बंदराच्या शहरात त्याचा जन्म झाला. खेळायला सुरुवात केली ती त्याच शहरातल्या पानाखाइकी या क्लबकडून. तिथून 2002 मध्ये राजधानीतल्या एईके अथेन्समध्ये गेला, 2006 मध्ये पोर्तुगालच्या बेनफिकात, मग परत मायदेशी पानाथिनाइकोस आणि सालोनिकाचा पाओक. ग्रीसकडून तो 116 सामने खेळला. उंच, काटक, चेहऱ्यावर फारसे भाव न दाखवणारा हा माणूस बचावाच्या पुढं उभा राहायचा, समोरच्याचा डाव मोडायचा आणि संधी मिळेल तेव्हा हेडरसाठी गोलपुढं धावत जायचा.

2004 ची युरोपियन स्पर्धा आठवते का? ग्रीस त्या आधी कुठल्याही मोठ्या स्पर्धेत एकसुद्धा सामना जिंकला नव्हता. जर्मन प्रशिक्षक ओटो रेहागेलच्या त्या संघानं पहिल्याच सामन्यात यजमान पोर्तुगालला हरवलं, उपांत्यपूर्व फेरीत फ्रान्सला 1-0, उपांत्य फेरीत चेक प्रजासत्ताकाला 1-0, आणि 4 जुलैला लिस्बनमधल्या अंतिम सामन्यात पुन्हा पोर्तुगालला 1-0. अँगेलोस खारिस्तेआसचा हेडरचा गोल सगळ्यांच्या लक्षात राहिला. पण तो एक गोल शेवटपर्यंत सांभाळला कुणी? बचावाच्या पुढं झागोराकिस, बासिनास आणि कात्सुरानिस ही तिघांची मधली फळी होती. ज्या मैदानावर पोर्तुगालला रडवलं, त्याच मैदानावर दोन वर्षांनी कात्सुरानिस बेनफिकाचा खेळाडू म्हणून घरच्या प्रेक्षकांसमोर उतरला. मला ही गोष्ट फार आवडते. लोकांचं मन दुखवलेल्या गावात जाऊन तिथंच आपलं काम चोख करत राहायचं, याला मोठी छाती लागते.

2014 च्या विश्वचषकात जपानविरुद्ध नाताल शहरात खेळताना त्याला 38 व्या मिनिटाला दुसरं पिवळं कार्ड मिळालं आणि मैदान सोडावं लागलं. उरलेला सगळा सामना ग्रीस दहा जणांत खेळला आणि 0-0 अशी बरोबरी राखली. पुढच्या सामन्यात आयव्हरी कोस्टला हरवून ग्रीस पहिल्यांदाच विश्वचषकाच्या बाद फेरीत पोचला. हे झालं जूनमध्ये. त्याच वर्षी ऑक्टोबरात हा 35 वर्षांचा माणूस पुण्याच्या बालेवाडीत एफसी पुणे सिटीच्या जर्सीत उभा होता. इंडियन सुपर लीगचा तो पहिलाच हंगाम. पुण्याच्या संघात फ्रान्सचा विश्वविजेता डेव्हिड त्रेझेगे होता, प्रशिक्षक इटलीचे फ्रँको कोलोंबा होते. नवी मुंबईत मुंबई सिटीकडून 5-0 असा दणका बसल्यावर पुण्यानं घरच्या मैदानावर गोव्याला 2-0 हरवलं. एक गोल त्रेझेगेचा आणि एक कात्सुरानिसचा.

नेमक्या त्याच काळात, त्याच पुण्यात, कोल्हापूरचं एक चौदा वर्षांचं पोरगं फुटबॉल शिकत होतं. अनिकेत जाधव.

अनिकेतचा जन्म 13 जुलै 2000 चा, कोल्हापूरचा. वडील रिक्षा चालवायचे. रिक्षावाल्याच्या घरातलं पोरगं फुटबॉल खेळतं यात कोल्हापुरात नवल काही नाही. इथं पेठेतल्या निम्म्या पोरांचे पाय बॉलला लागलेले असतात. नवल आहे ते पुढच्या गोष्टीचं. ज्या वयात आपली पोरं गल्लीच्या संघात ‘बारका’ म्हणून बाजूला उभी असतात, त्या वयात हा घर सोडून क्रीडा प्रबोधिनीत गेला. सरकारी वसतिगृह, पहाटेची शिट्टी, ठरलेलं जेवण, शाळा, आणि संध्याकाळी परत मैदान. तिथून पुण्यातल्या व्यावसायिक क्लबच्या अकादमीत, आणि तिथून भारताच्या कुमार संघात.

ऑक्टोबर 2017 मध्ये 17 वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात झाला. फिफाच्या कुठल्याही विश्वचषकात भारताचा संघ उतरण्याची ती पहिलीच वेळ. त्या आधी 15 सप्टेंबरला महाराष्ट्र सरकारनं राज्यभरातल्या शाळांत एकाच दिवशी फुटबॉल खेळवला होता. आपल्याकडच्या गावोगावच्या शाळांतही त्या दिवशी वाटलेले बॉल उडाले. भारताच्या संघात दोन मराठी आडनावं होती. एक अमेरिकेत वाढलेला बचावपटू नमित देशपांडे आणि दुसरा आपला अनिकेत. दिल्लीच्या नेहरू स्टेडियमवर भारत अमेरिकेकडून 3-0, कोलंबियाकडून 2-1 आणि घानाकडून 4-0 असा हरला. कोलंबियाविरुद्ध जॅक्सन सिंगनं मारलेला गोल हा भारताचा विश्वचषकातला पहिला गोल. आकडे वाचले की हार दिसते. पण ते सामने बघताना माझ्यासारख्या अनेकांना पहिल्यांदा कळलं की पोरं ताकदीत कमी पडत नाहीत, कमी पडतात ती बॉल पायात येण्याआधीच्या एका सेकंदात. घानाची पोरं बॉल येण्याआधी ठरवून मोकळी झालेली असायची. तो सेकंद तालमीच्या जोरबैठकांनी मिळत नाही. तो लहानपणापासून, वर्षानुवर्षं, बरोबरीच्या पोरांबरोबर खेळून मिळतो.

विश्वचषकानंतर त्याच पोरांचा ‘इंडियन ॲरोज’ हा संघ आय-लीगमध्ये उतरवला गेला. 29 नोव्हेंबर 2017 ला गोव्यात बांबोळीच्या मैदानावर त्यांचा पहिला सामना चेन्नई सिटीशी झाला. समोर वयानं मोठे, पगारी खेळाडू. ॲरोजनं तो 3-0 असा जिंकला आणि त्यातले दोन गोल अनिकेतचे होते. सतराव्या वर्षी, देशाच्या पहिल्या दर्जाच्या लीगमध्ये, पहिल्याच दिवशी.

आता मी ज्या सामन्याची गोष्ट सांगणार आहे, ती प्रत्येक पेठेत सांगितली गेली पाहिजे. विश्वचषक आला की कोल्हापूरची वाटणी होते हे आपल्याला माहीत आहे. एका गल्लीत आकाशी-पांढरे पट्टे, दुसऱ्या गल्लीत पिवळं-हिरवं. चौकात मेस्सीचा कटआउट उभा राहिला की समोर नेमारचा राहतोच. अर्जेंटिना हरलं की जेवणाचं ताट बाजूला सारणारी घरं मी पाहिली आहेत.

तर ऑगस्ट 2018. स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाजवळ कोटिफ नावाची वीस वर्षांखालच्या संघांची स्पर्धा. फ्लॉइड पिंटो यांचा भारतीय संघ मुर्सियाकडून हरलेला, मॉरिटानियाकडून हरलेला, व्हेनेझुएलाशी बरोबरीत सुटलेला. शेवटचा सामना अर्जेंटिनाशी. चौथ्याच मिनिटाला दीपक टांगरीनं गोल केला. दुसऱ्या सत्रात 54 व्या मिनिटाला अनिकेतला लाल कार्ड मिळालं आणि भारत दहा जणांत आला. बाहेर जाणाऱ्या त्या पोराच्या जिवाचं काय झालं असेल! समोर अर्जेंटिना, हातात एका गोलाची आघाडी, आणि आपल्यामुळं संघ एका माणसानं कमी. पण उरलेल्या दहा जणांनी बचाव तर केलाच, वर 68 व्या मिनिटाला अन्वर अलीनं फ्री किकवर दुसरा गोल मारला. अर्जेंटिनाला एकच परतवता आला. भारत 2, अर्जेंटिना 1.

त्या अर्जेंटिना संघाचा प्रशिक्षक होता लिओनेल स्कालोनी. चार वर्षांनी, 18 डिसेंबर 2022 ला कतारमध्ये याच स्कालोनीच्या संघानं विश्वचषक उचलला आणि कोल्हापूर रात्रभर रस्त्यावर नाचलं. त्याच स्कालोनीच्या पोरांना हरवणाऱ्या भारतीय संघात आपल्या गावचा पोरगा होता, ही गोष्ट त्या गर्दीतल्या किती जणांना माहीत होती? मला त्या लाल कार्डाचं वाईट वाटत नाही. जपानविरुद्ध कात्सुरानिस बाहेर गेला तेव्हा ग्रीसच्या दहा जणांनी त्याला सांभाळून घेतलं, व्हॅलेन्सियाजवळ भारताच्या दहा जणांनी अनिकेतला. संघ म्हणजे काय ते अशा वेळी कळतं.

पुढं अनिकेत जमशेदपूर एफसीत गेला. तिथं 29 ऑक्टोबर 2019 ला त्यानं सुपर लीगमधल्या गोलांचं खातं उघडलं, तेही हैदराबाद एफसीविरुद्ध. हे हैदराबाद म्हणजे कोण? कात्सुरानिस ज्या एफसी पुणे सिटीकडून खेळला तो क्लब 2019 मध्ये बंद पडला आणि लीगमधली त्याची जागा या नव्या हैदराबादला मिळाली. महाराष्ट्रातल्या पोरांची एक मोठी वाट त्या दिवशी बुजली. अनिकेत पुढं 2021 मध्ये याच हैदराबादकडं गेला. डिसेंबर 2021 मध्ये नॉर्थईस्टला 5-1 हरवलं त्यात त्याचा गोल होता. 20 मार्च 2022 ला गोव्यात फातोर्ड्याच्या मैदानावर केरळा ब्लास्टर्सविरुद्धचा अंतिम सामना 1-1 असा संपला आणि पेनल्टींवर गोव्याच्याच लक्ष्मीकांत कट्टीमनीनं तीन फटके अडवून हैदराबादला विजेतेपद मिळवून दिलं. अनिकेत त्या विजेत्या संघात होता. त्याच महिन्यात बहरीनच्या दौऱ्यासाठी भारताच्या मुख्य संघात त्याचं नाव आलं.

त्याची जागा या प्रवासात सरकत गेली, हे मला महत्त्वाचं वाटतं. सुरुवातीला तो गोलपुढं उभा राहणारा स्ट्रायकर होता. व्यावसायिक क्लबात गोलपुढची जागा बहुतेक वेळा परदेशी खेळाडूला जाते. हैदराबादेत तिथं नायजेरियाचा बार्थोलोम्यू ओगबेचे होता. मग भारतीय पोराला बाजूला, मधल्या आणि पुढच्या फळीच्या सांध्यावर खेळावं लागतं. तिथं गोल कमी आणि धाव जास्त. पुढं जाऊन क्रॉस टाकायचा, आणि बॉल गमावला की तेवढंच अंतर मागं पळत आपल्या बॅकला आधार द्यायचा. हे काम शिकायला अनिकेतनं कमीपणा मानला नाही, म्हणून तो टिकला. 27 नोव्हेंबर 2023 ला एएफसी कपमध्ये ओडिशा एफसीनं कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर मोहन बागानला 5-2 असं हरवलं. पाचवा गोल भरपाई वेळेच्या पाचव्या मिनिटाला झाला. नव्वद मिनिटांनंतरही पायात धाव शिल्लक असलेला, तो गोल मारणारा ओडिशाचा खेळाडू अनिकेत जाधव होता.

मग प्रश्न पडतो तो हाच. एवढं वेड असलेल्या गावातून असे खेळाडू हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच का? मला वाटतं, कोल्हापूरच्या फुटबॉलला मधली फळीच नाही. मी मैदानावरच्या फळीबद्दल बोलतोय आणि मैदानाबाहेरच्याही.

मैदानावरची आधी बघू. आपली पोरं शिकतात ती पेठेतल्या मोकळ्या जागेत, टणक मातीवर. तिथं बॉल उडतो, जमिनीवर राहत नाही. जवळचा पास दिला तरी तो टप्पा खाऊन गुडघ्यावर येतो. मग सोपं काय? एक तर लांब मारायचा, नाही तर पायात धरून काढत न्यायचा. म्हणून आपल्याकडं बॉल काढणारे आणि उचलून मारणारे खूप, आणि बॉल फिरवणारे थोडे. गॅलरीलाही तीच गोडी लागली. गोल न मारता सामना जिंकून देणारा माणूस ओळखायची सवयच राहिली नाही.

मैदानाबाहेरची गोष्ट जास्त गंभीर आहे. आपल्याकडचे संघ तालमींतून आले. शाहू महाराजांच्या काळात कुस्तीसाठी ज्या तालमींना बळ मिळालं, त्यांच्याच नावानं आज फुटबॉल खेळला जातो. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, उत्तरेश्वर प्रासादिक वाघाची तालीम. त्यांच्या जोडीला शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस, फुलेवाडी, झुंजार, संध्यामठ. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची, म्हणजे आपल्या केएसएची लीग आणि नंतरच्या चषक स्पर्धा यांवर अख्खं शहर महिनोन्‌महिने जगतं. कार्यकर्ता खिशातले पैसे घालतो, वर्गणी काढतो, नायजेरिया-घानाच्या खेळाडूंना पेठेत खोली घेऊन देतो, घरचा डबा पोचवतो. त्या परक्या पोरांना आपल्या बायका ‘जेवलास का रे बाळा’ विचारतात. हा जिव्हाळा मला जगात दुसरीकडं कुठं मिळेल असं वाटत नाही.

पण या जिव्हाळ्याचं सगळं बळ याच हंगामाच्या, याच चषकाच्या मागं लागतं. जिंकायचं आहे ते आत्ता, शेजारच्या पेठेला. म्हणून तयार खेळाडू बाहेरून आणला जातो आणि सोळा वर्षांचं घरचं पोरगं बाकावर बसतं. एकविसाव्या वर्षी त्याला संधी मिळते तेव्हा त्याच्या बरोबरीचे मणिपूर-मिझोरमचे खेळाडू कितीतरी व्यावसायिक सामने खेळलेले असतात. शिवाय हुल्लडबाजी झाली, सामना थांबला, हंगाम लांबला, की त्याच्या वाट्याचे उरलेसुरले सामनेही जातात.

पूर्वी पेठ आणि मोठा फुटबॉल यांच्यामध्ये काही पायऱ्या तरी होत्या. मुंबईत महिंद्रा युनायटेड होतं, ते 2010 मध्ये बंद झालं. पुण्यात पुणे एफसी होतं, 2015 मध्ये संपलं. भारत एफसी एक हंगाम खेळून गेलं, डीएसके शिवाजीयन्स दोन. मग एफसी पुणे सिटीही गेलं. दहा वर्षांच्या आत एवढ्या पायऱ्या निखळल्या, आणि प्रत्येकीबरोबर तिथल्या मुलांच्या अकादमीची, प्रशिक्षकांची, वसतिगृहाची घडी विस्कटली. 2025 च्या जुलैत तर इंडियन सुपर लीगचाच पुढचा हंगाम आयोजकांनी अडकवून ठेवला, आणि देशभरातल्या शेकडो पगारी खेळाडूंना आपण कुठं खेळणार हे कळेना. फुटबॉलपटूचं वय फार थोडं असतं. पंचविसाव्या वर्षी वाया गेलेला एक हंगाम पस्तिसाव्या वर्षी परत मिळत नाही.

पात्रा शहरातलं पोरगं गावच्याच क्लबातून राजधानीत आणि राजधानीतून परदेशात गेलं, कारण मधली प्रत्येक पायरी जागेवर होती. ग्रीसची लोकसंख्या सव्वा कोटीच्या आत आहे. आपल्या एकट्या कोल्हापूर जिल्ह्याची 2011 च्या जनगणनेत 38 लाखांहून जास्त होती. माणसं कमी नाहीत, माया कमी नाही. अनिकेतला पायऱ्या मिळाल्या त्या दहा-बारा वर्षांच्या वयात गाव सोडलं म्हणून. आईपासून दूर राहण्याची ती किंमत प्रत्येक पोराला देता येणार नाही, द्यायला लागूही नये.

माझं एक साधं मागणं आहे, आणि ते मी केएसएकडं आणि प्रत्येक तालमीच्या पंच मंडळींकडं हात जोडून करतो. मोठ्या सामन्याच्या दिवशी, त्याच स्टेडियमवर, त्याच हिरवळीवर, चारच्या सामन्याआधी त्याच दोन तालमींच्या चौदा वर्षांखालच्या पोरांचा सामना ठेवा. बाहेरचा एकही खेळाडू नको. मैदान लहान आखा, नऊ-नऊ जण खेळवा, म्हणजे प्रत्येकाच्या पायाला बॉल लागेल आणि लांब मारायचा मोह होणार नाही. गॅलरी तशीही तीनलाच भरलेली असते. हलगीवाले आलेले असतात. पाटाकडीलची बारकी पोरं आणि दिलबहारची बारकी पोरं बोगद्यातून बाहेर येतील तेव्हा वीस हजार डोळे त्यांच्यावर असतील. त्यात एखादा सहा नंबरवाला असेल, बॉल यायच्या आधी डाव्या खांद्यावरून मागं बघणारा. पायरीवर बसलेल्या कुणा म्हाताऱ्यानं शेजारच्याच्या मांडीवर थाप मारून त्याच्याकडं बोट दाखवावं आणि विचारावं, ‘ते पोरगं कुणाचं गा?’